कोळसा, मीठ आणि तवा : फोर्थकाठचे कूरस

फोर्थच्या खाडीला ओहोटी लागली, की कूरस गावासमोरच्या चिखलातून दगडांचे एक मोडके कडे वर येते. समुद्रपक्षी त्यावर येऊन बसतात आणि भरती आली की ते पुन्हा पाण्याखाली जाते. अनोळखी प्रवाशाला तो एखाद्या जुन्या धक्क्याचा ढिगारा वाटावा. परंतु चारशे वर्षांपूर्वी याच जागी त्या काळचे एक नवल उभे होते. समुद्राच्या तळाखाली खणलेल्या कोळशाच्या खाणीचे ते तोंड होते आणि ते पाहण्यासाठी प्रत्यक्ष राजा येथे आला होता. एका व्यापाऱ्याच्या बुद्धीने ते उभारले. मार्च १६२५ मधील एका वादळाने ते बुडविले. त्या व्यापाऱ्याचे घर मात्र आजही किनाऱ्यावर उभे आहे आणि त्याच्या आसपासचे गावही. खाण बुडाल्यावर गाव कसे टिकले, ही हकीकत व्यापारउदीम करणाऱ्या कुटुंबांनी जाणून घ्यावी अशी आहे.

कूरस हे स्कॉटलंडच्या फाइफ परगण्यातील, एडिनबरोच्या वायव्येस फोर्थ खाडीच्या उत्तर काठावर वसलेले गाव. वस्ती चारशेच्या आसपास. इंग्रजी अक्षरांवरून त्याचे नाव ‘कल्रॉस’ असे वाचावेसे वाटते; पण गावकरी त्याला ‘कूरस’ म्हणतात. किनाऱ्यालगत थोडी सपाट जागा, तिच्यामागे एकदम चढत जाणारी टेकडी आणि त्या चढावर एकमेकांना टेकून उभी असलेली पांढऱ्या, पिवळसर व तांबूस रंगांची घरे, एवढाच या गावाचा पसारा आहे.

मठ आणि त्याखालचा कोळसा

टेकडीच्या माथ्यावर गावाचा सर्वांत जुना इतिहास आहे. फाइफचा सरदार मॅल्कम याने १२१७ मध्ये येथे सिस्टर्शियन पंथाच्या साधूंसाठी मठ स्थापन केला. त्याहूनही पूर्वीची एक आख्यायिका गावात सांगितली जाते. थेन्यू नावाच्या राजकन्येला कुटुंबाच्या रोषामुळे लहानशा होडीत घालून समुद्रात सोडून देण्यात आले. ती होडी कूरसच्या किनाऱ्याला लागली. तेथे तिला मुलगा झाला आणि संत सर्फ यांनी त्याला वाढविले. हाच मुलगा पुढे संत मंगो म्हणून प्रसिद्ध झाला आणि ग्लासगो शहराचा संस्थापक संत मानला गेला. त्याच्या स्मरणार्थ ग्लासगोच्या आर्चबिशपने १५०३ मध्ये किनाऱ्यावर बांधलेल्या प्रार्थनामंदिराचे अवशेष अजून आहेत.

मठातील साधू शेतीबरोबर आपल्या जमिनीतील कोळसाही काढीत. परंतु वरवरचा कोळसा संपला आणि खोल जाऊ लागताच खड्ड्यांत पाणी भरू लागले. सोळाव्या शतकात धर्मक्रांती झाली, मठाची सत्ता गेली आणि खाणी ओस पडल्या. अशा, कोणालाही नको असलेल्या खाणीचा भाडेपट्टा १५७५ मध्ये जॉर्ज ब्रूस या तरुणाने घेतला. तो सरदार घराण्यातील धाकटा मुलगा होता. वडिलोपार्जित जहागीर मिळण्याची आशा नव्हती, तेव्हा त्याने उद्योगाची वाट धरली.

समुद्राखालची खाण

कोळशाचा थर किनाऱ्यावर संपत नाही, तो खाडीच्या तळाखाली पुढे गेलेला आहे, हे ब्रूसने ओळखले. थराच्या मागोमाग बोगदे समुद्राखाली नेले, तर कोळसा मिळणार होता; पण दोन अडचणी होत्या. एक म्हणजे आत झिरपणारे पाणी, दुसरी म्हणजे लांबत जाणाऱ्या बोगद्यातून माल बाहेर आणण्याचा खर्च.

पाण्यासाठी त्याने घोड्यांनी फिरणारी, साखळीला बादल्या लावलेली यंत्रणा बसविली. ज्याने विहिरीवरचे रहाटगाडगे पाहिले आहे, त्याला ती लगेच समजेल. एका बाजूने भरलेल्या बादल्या वर येत, दुसऱ्या बाजूने रिकाम्या खाली जात. दुसऱ्या अडचणीवरचा उपाय अधिक धाडसी होता. ओहोटीच्या रेषेजवळ, खाडीतच, त्याने दगडांचे भक्कम गोल बेट बांधले आणि त्याच्या मधोमध खाणीपर्यंत जाणारी विहीर खणली. गलबते या बेटाच्या भिंतीला लागत आणि खालून आलेला कोळसा तेथेच भरून घेत. किनाऱ्यापर्यंतची वाहतूक, तेथून बंदरापर्यंतची गाडी आणि पुन्हा होडी, हा सारा खटाटोप वाचला.

कोळशाचा चुरा परदेशी गिऱ्हाईक घेत नसे. ब्रूसने तोही वाया घालविला नाही. किनाऱ्यावर लोखंडी पत्र्याच्या मोठमोठ्या कढया मांडून त्यांत समुद्राचे पाणी उकळले जाई आणि चुऱ्याच्या त्या आगीवर मीठ तयार होई. स्कॉटलंडचे ढगाळ आकाश मिठागरांना उपयोगाचे नाही. सूर्याने जे काम केले असते, ते येथे कोळशाने केले. मासे आणि मांस खारविण्यासाठी त्या काळी मिठाला मोठी मागणी होती. एका मालाच्या टाकाऊ भागातून दुसरा माल उभा राहिला आणि दोन्ही एकाच गलबतातून हॉलंडकडे व बाल्टिक समुद्राकडे रवाना होऊ लागले.

राजा सहावा जेम्स १६१७ मध्ये येथे आला, तेव्हाची गोष्ट परंपरेने सांगितली जाते. किनाऱ्यावरच्या तोंडातून तो खाणीत उतरला आणि चालत चालत बेटावरच्या विहिरीतून वर आला. पाहतो तो चहूकडे पाणी! बारा वर्षांपूर्वीच, १६०५ मध्ये, लंडनमध्ये त्याला सुरुंगाच्या दारूने उडविण्याचा कट उघडकीस आला होता. राजा ‘दगा! दगा!’ असे ओरडू लागला. तेव्हा ब्रूसने शांतपणे भिंतीशी बांधलेली होडी दाखविली आणि सांगितले, की महाराजांनी आल्या वाटेने चालत परतावे किंवा या होडीतून जावे. राजाने होडी पसंत केली.

या यशाची दुसरी बाजू गावाच्या फलकांवर फारशी मोठ्या अक्षरांत लिहिलेली नसते. स्कॉटलंडच्या संसदेने १६०६ मध्ये केलेल्या कायद्याने खाणकामगार आणि मीठ उकळणारे कामगार मालकाशी जन्मभर बांधले गेले. जुन्या मालकाच्या दाखल्याशिवाय त्यांना कोणी कामावर ठेवू शकत नसे. पळून गेलेला कामगार चोर समजला जाई. स्कॉटलंडच्या खाणींत पुरुष कोळसा फोडीत आणि अनेकदा त्यांच्याच बायका-मुली पाठीवरच्या टोपल्यांतून तो वाहून नेत. ही बांधिलकी सैल करण्यासाठी १७७५ चा आणि ती पुरती संपविण्यासाठी १७९९ चा कायदा यावा लागला. कूरसच्या समृद्धीचा हिशेब मांडताना ही बाजू जमेच्या पानासमोर लिहिली नाही, तर चोपडी खोटी ठरते.

व्यापाऱ्याची वास्तू

ब्रूसच्या घराला आज ‘कूरस पॅलेस’ म्हणतात. नाव राजवाड्याचे असले, तरी ते राजघराण्याचे निवासस्थान नव्हते. ते व्यापाऱ्याचे घर होते आणि त्याचा तोंडवळाही तसाच आहे. एका भागावर १५९७ हे साल आणि ब्रूसच्या नावाची आद्याक्षरे आहेत. दुसऱ्या भागावर १६११ हे साल असून आद्याक्षरांपूर्वी ‘सर’ या पदवीचे अक्षर वाढले आहे. दोन दगडांवरच्या या दोन नोंदींत चौदा वर्षांची भरभराट वाचता येते.

घराचे बांधकाम पाहताच गलबते कोठकोठे जात होती ते कळते. लाकूड बाल्टिककाठचे पाइन, छपरावरची कौले हॉलंडच्या पद्धतीची. काच महाग असल्यामुळे खिडक्यांच्या फक्त वरच्या अर्ध्या भागात काच आणि खालच्या अर्ध्या भागात लाकडी झडपा आहेत. श्रीमंताच्या घरातही काच जपून वापरली जात होती. भिंतींना दिलेला पिवळा रंग दुरूनही नजरेत भरतो.

आत सर्वांत बोलका भाग आहे तो जोखमीच्या खोलीचा. दगडी कमानीचे छत, फरसबंद जमीन आणि लोखंडी दार, अशी ही आगीपासून सुरक्षित केलेली छोटी खोली. रोकड, करारपत्रे, हिशेबाची पुस्तके येथे राहत. पेढी आणि घर एकाच छपराखाली असलेल्या कुटुंबांना या खोलीचे महत्त्व समजावून सांगावे लागत नाही. वरच्या मजल्यावर लाकडी कमानदार छतावर नीतिबोध करणारी रूपकचित्रे रंगविली आहेत. जेफ्री व्हिटनी याच्या १५८६ सालच्या बोधचित्रसंग्रहावरून ती घेतली आहेत. मान वर केली की उपदेश दिसावा, अशी त्यांची मांडणी आहे. घरामागच्या चढावर पायऱ्यापायऱ्यांची बाग आहे. तेथे सतराव्या शतकातील घरात लागणाऱ्या भाज्या, औषधी वनस्पती आणि फळझाडे आजही लावली जातात.

रस्ते, चौक आणि कौले

सहाव्या जेम्सने सोळाव्या शतकाच्या अखेरीस कूरसला राजमान्य नगराचा दर्जा दिला. या दर्जाचा अर्थ केवळ मान नव्हता. परदेशाशी व्यापार करण्याचा हक्क त्यात होता. असा हक्क मिळाला की बाजाराच्या मधोमध दगडी स्तंभ उभारायचा ही स्कॉटलंडची रीत. कूरसचा बाजारस्तंभ अरुंद चौकात उभा आहे. पायऱ्यांचा तळ जुना असून वरचा खांब आणि त्यावरचा एकशिंगी घोडा १९०२ च्या जीर्णोद्धारातला आहे. कायदे, फर्माने आणि राजाच्या घोषणा येथेच वाचून दाखविल्या जात. चौकालगत ‘स्टडी’ नावाचे घर आहे. त्याच्या मनोऱ्यासारख्या बाहेर आलेल्या वरच्या खोलीत सतराव्या शतकातील बिशप लेटन अभ्यासाला बसत असे सांगतात.

चौकातून निघणाऱ्या बॅक कॉजवे आणि मिड कॉजवे या गल्ल्या ओबडधोबड दगडांनी बांधलेल्या आहेत. नीट पाहिले तर रस्त्याच्या मध्यावरची दगडांची ओळ दोन्ही बाजूंपेक्षा उंच आहे. तिला रस्त्याचा ‘मुकुट’ म्हणत. पाऊस, चिखल आणि घरांतले सांडपाणी बाजूने वाहत असे. मधली कोरडी वाट प्रतिष्ठितांसाठी राखीव असे. इतरांनी कडेच्या ओल्या भागातून चालायचे. समाजाची उतरंड पायाखालच्या दगडांत इतकी स्पष्ट कोरलेली क्वचितच पाहायला मिळते. आज त्या मधल्या ओळीवरून शाळेतली मुलेही चालतात आणि पर्यटकही.

गल्लीतल्या घरांवर लाल, नागमोडी कौले आहेत. कोळसा आणि मीठ घेऊन गेलेली गलबते परत येताना रिकामी आली, तर वाऱ्यात डोलतात. म्हणून तळाशी वजन लागते. ते वजन म्हणून हॉलंडची कौले येऊ लागली आणि गावाची छपरे झाली. पायऱ्यापायऱ्यांनी उतरणाऱ्या त्रिकोणी भिंतीही या घरांची खूण आहे. तपकिरीच्या एका व्यापाऱ्याने १६७३ मध्ये आपल्या घरावर कोरविलेला लेख अजून वाचता येतो. हे घर उभे राहील असे कोणाला वाटले असते, असा प्रश्न त्यात विचारला आहे. गावकरी हसत त्याचे उत्तर सांगतात, की लोकांच्या नाकांनी ते विकत घेऊन दिले.

किनाऱ्याजवळ १६२६ मध्ये बांधलेले नगरभवन आहे. त्याचा मनोरा १७८३ चा. वर नगरपरिषद बसे आणि खाली तुरुंग होता. जादूटोण्याचा आरोप ठेवलेल्या स्त्रियांना माळ्यावर कोंडले जाई. गावाचा कारभार, न्याय आणि अन्याय असे एकाच जिन्याने जोडलेले होते.

तवा आणि माप

कूरसच्या आणखी दोन गोष्टी स्कॉटलंडभर प्रसिद्ध होत्या. पहिली म्हणजे तवा. ओटच्या पिठाच्या पातळ भाकऱ्या भाजण्यासाठी लागणारा, वर कमानदार मूठ असलेला सपाट लोखंडी तवा येथील लोहार घडवीत. सहाव्या जेम्सने १५९९ मध्ये या लोहारांना तवे बनविण्याचा खास हक्क दिला. दुसऱ्या चार्ल्सने १६६६ मध्ये तो कायम केला. प्रत्येक तवा हातोड्याने ठोकून घडविलेला असे. परंतु ‘हा माल दुसऱ्या कोणी करू नये’ या हक्कावर उभा असलेला धंदा अठराव्या शतकात न्यायालयाने तो हक्क अमान्य केल्यावर डळमळला. पुढे खाडीच्या पलीकडे, फॉलकर्कजवळ, १७५९ मध्ये कॅरन कंपनीचा कारखाना सुरू झाला. ओतीव लोखंडाचे स्वस्त तवे बाजारात आले आणि कूरसचे हातोडे हळूहळू थांबले.

दुसरी गोष्ट म्हणजे माप. कोळसा वेगवेगळ्या बंदरांत वेगवेगळ्या मापाने विकला जाई आणि त्यातून तंटे होत. १६६० च्या दशकात स्कॉटलंडच्या संसदेने कूरसचे ‘चाल्डर’ हे माप कोळशासाठी देशाचे प्रमाण माप ठरविले. इतक्या लहान गावाचे माप साऱ्या देशाने मानावे, हा त्याच्या व्यापारी प्रतिष्ठेचा मोठाच पुरावा होय.

उतरती कळा

मार्च १६२५ मधील वादळाने बेटाच्या भिंती फोडल्या आणि समुद्र खाणीत शिरला. त्याच वर्षी मे महिन्यात सर जॉर्ज ब्रूसचे निधन झाले. टेकडीवरच्या मठाच्या चर्चमध्ये त्याच्या कुटुंबाची समाधी आहे. संगमरवरासारख्या पांढऱ्या दगडात कोरलेले पतिपत्नी निजलेले आणि त्यांच्यापुढे आठ मुले गुडघे टेकून हात जोडून बसलेली, असे ते दृश्य आहे. याच चर्चमध्ये १८०८ मध्ये चांदीची एक डबी सापडली. १६१३ मध्ये द्वंद्वयुद्धात मारल्या गेलेल्या ब्रूसच्या पुतण्याचे हृदय तिच्यात जपून ठेवलेले होते.

पुढच्या शतकात डंडोनाल्डचा नववा अर्ल आर्चिबाल्ड कॉक्रेन याने कूरसमध्ये पुन्हा एकदा कोळशावर नशीब अजमावले. कोळशापासून डांबर काढण्याचे पेटंट त्याने १७८१ मध्ये घेतले. जहाजांच्या लाकडाला कीड लागू नये म्हणून आरमार हे डांबर घेईल, असा त्याचा हिशेब होता. पण आरमाराने जहाजांच्या तळांना तांब्याचे पत्रे ठोकायला सुरुवात केली. भट्टीतून निघणारा वायू जळतो आणि उजेड देतो, हे त्याच्या डोळ्यांसमोर घडत होते. तरी त्या उजेडाचा धंदा दुसऱ्यांनी केला. कोळशाच्या वायूवर घर उजळण्याचे श्रेय १७९२ मध्ये विल्यम मर्डॉक याला मिळाले. अर्ल कर्जबाजारी झाला आणि १८३१ मध्ये पॅरिसमध्ये दारिद्र्यात वारला. त्याचा मुलगा टॉमस कॉक्रेन कूरसमध्येच वाढला. तो नामांकित दर्यावर्दी झाला आणि चिलीच्या स्वातंत्र्ययुद्धात तेथील आरमाराचे त्याने नेतृत्व केले. मात्र १८१४ मध्ये नेपोलियन मेल्याची खोटी बातमी पसरवून लंडनच्या रोखेबाजारात झालेल्या फसवणुकीत त्यालाही दोषी ठरविण्यात आले. तो निर्दोषत्व सांगत राहिला; माफी मिळायला १८३२ साल उजाडले. नगरभवनासमोर त्याचा अर्धपुतळा आहे.

कोळशाने या किनाऱ्याचा पिच्छा सोडला नाही. गावाला लागून असलेल्या व्हॅलीफील्डच्या खाणीत २८ ऑक्टोबर १९३९ रोजी स्फोट होऊन ३५ माणसे गेली. पश्चिमेकडच्या लाँगॅनेट येथील खोल खाणीत मार्च २००२ मध्ये पाणी शिरले आणि ती बंद पडली. ती स्कॉटलंडमधली शेवटची खोल कोळसाखाण होती. तिच्या शेजारचे वीजकेंद्रही २०१६ मध्ये थांबले. ब्रूसच्या खाणीनंतर पावणेचारशे वर्षांनी, त्याच खाडीच्या काठी, त्याच मार्च महिन्यात, पाण्यानेच या उद्योगाचा शेवटचा अध्याय लिहिला.

सातशे पौंड

व्यापार गेल्यावर गावात नवी घरे बांधायला कोणाजवळ पैसा उरला नाही. म्हणूनच जुनी घरे पाडली गेली नाहीत. ती नुसती जीर्ण होत गेली. विसाव्या शतकाच्या आरंभी कित्येक छपरे खचली होती, भिंतींत ओल होती आणि पाडापाडीची भाषा सुरू झाली होती. अशा वेळी १९३१ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या संस्थेने दुसऱ्याच वर्षी ब्रूसचे घर सातशे पौंडांना विकत घेतले. नव्या, तुटपुंज्या निधीच्या संस्थेसाठी ती रक्कम लहान नव्हती, आणि विकत घेतलेली वस्तू म्हणजे पडझड झालेले घर.

परंतु संस्थेने एक घर वाचवून समाधान मानले नाही. आसपासची साधी घरेही घेतली. कोळ्यांची, कारागिरांची, लहान दुकानदारांची ही घरे होती. पुढे १९६० मध्ये या कामाला ‘लहान घरांची सुधारणा योजना’ असे नियमित रूप आले. तिची रीत कोणाही व्यापाऱ्याला पटेल अशी आहे. जीर्ण घर विकत घ्यायचे, बाहेरचे रूप न बिघडवता आत नळ, वीज, ऊब यांची सोय करायची, मग ते राहणाऱ्या माणसाला विकायचे. आणि आलेल्या पैशातून पुढचे घर घ्यायचे. घर विकताना त्याचे जुने रूप जपण्याची अट दस्तऐवजातच घातली जाते. भांडवल एका घरात अडकून पडत नाही, ते फिरत राहते. देणगी एकदाच खर्च झाली असती. अशा रीतीने वापरलेला तोच पैसा पुन्हा पुन्हा कामी आला. फाइफच्या किनाऱ्यावरील इतर गावांतही ही रीत रुजली.

त्यामुळे कूरस हे नुसते पाहण्याचे गाव राहिले नाही. ब्रूसचे घर तिकीट काढून पाहता येते. पण त्याच्या शेजारच्या दारांमागे माणसे राहतात, खिडक्यांत फुलांच्या कुंड्या असतात, संध्याकाळी दिवे लागतात. बेटावरच्या विहिरीतून निघालेले धन कधीच संपले. त्या धनाने बांधलेल्या भिंती तीन शतकांनी दुसऱ्यांनी आपल्या मानल्या, म्हणून टिकल्या. आज त्या घरांचे मालक बदलतात, अट मात्र प्रत्येक खरेदीखतात पुढे जाते. ओहोटीच्या वेळी या घरांच्या वरच्या खिडक्यांतून खाडीतले ते मोडके कडे दिसते, आणि सहा तासांनी ते पुन्हा पाण्याखाली जाते.